सांगतेचा नारळ की निरोपाचा

मराठीत एखाद्याला नारळ दिला म्हटलं की त्याची नोकरी गेली, असं समजतात. आदिनाथ दरेकरला नारळ दिला, तोही खुद्द चेअरमननी, भर मांडवात, हजारभर सभासदांसमोर. तरी त्याची नोकरी काही जाईना. ती घालवायला शेवटी त्याला नगरच्या कामगार न्यायालयात जावं लागलं. लोक नोकरी वाचवायला कोर्टात जातात आणि हा बाबा ती सोडायला निघालाय, म्हणून श्रीगोंद्याच्या चहाच्या टपऱ्यांवर त्याची बरीच टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांना त्याच्या घरची परिस्थिती चांगली ठाऊक होती. तरी केलीच. फुकट मिळणारी करमणूक कोण सोडतो?

घरची परिस्थिती अशी होती. आदिनाथ श्रीगोंदा तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. उसाची गाडी काट्यावर आली की वजन करायचं आणि पावती फाडायची. त्याची बायको शुभांगी जिल्हा परिषदेची शिक्षिका. तिची शाळा अकोले तालुक्यात, राजूरच्याही पुढे, डोंगरातल्या एका वाडीवर. जिल्हा एकच, पण तो एवढा अवाढव्य की एका टोकाला ऊस आणि दुसऱ्या टोकाला भात. सकाळी पहिल्या गाडीनं निघालेला माणूस दिवस कलायच्या आत पोचला तर नशीब समजायचं. नवरा-बायकोला एकत्र आणायच्या बदल्यांचे नियम सरकार अधूनमधून काढायचं. पण आदिनाथ पडला कारखान्याचा नोकर, सरकारी नव्हे. त्यामुळे शुभांगीचं नाव यादीत कायम तळाशी. मुलगी निकिता आईजवळ वाढली, शिकली आणि नोकरीला पुण्यात गेली. तरी हे दोघं दोन टोकांनाच. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती आणि दोघांनी सलग संसार केला असेल तो दिवाळीत आणि मे महिन्यात. नातेवाइकांनी याचं कौतुक करायचीसुद्धा सवय लावून घेतली होती. 'दोघंही कमावते,' असं म्हणायचे. आदिनाथला ते ऐकलं की चीड यायची, पण बोलायचा नाही. बोलण्याच्या बाबतीत तो जरा कंजूषच होता.

मग कारखान्यानं स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली. कामगार फार झालेत, पन्नाशी ओलांडलेल्यांनी खुशीनं घरी जावं, कारखाना त्यांचं देणं एकरकमी चुकतं करील, अशी ती योजना. नोटीस लागली त्याच दिवशी आदिनाथनं अर्ज दिला. कुणाचा सल्ला घेतला नाही. संध्याकाळी शुभांगीला फोन करून एवढंच म्हणाला, "अर्ज दिलाय. मंजूर झाला तर मी तिकडं येतो."

मग ती म्हणाली, "इथं थंडी फार असते. तुमचा तो पातळ स्वेटर चालायचा नाही."

त्या वर्षी मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं. पट्टा पडला की सांगता समारंभ असतो. मांडव, बुंदी, भाषणं. सगळ्यात जास्त ऊस ओढणारा ट्रॅक्टरवाला, ऊसतोड टोळ्यांचे मुकादम, जास्त उत्पन्न काढणारे शेतकरी, अशा सगळ्यांना शाल आणि नारळ. हंगाम संपल्यावर कामगार पांगतात, पुन्हा मांडव कोण घालणार, म्हणून ज्यांना निरोप द्यायचा त्यांचा निरोपही त्याच मांडवात उरकायचा, अशी या कारखान्याची जुनी रीत. खर्च एकाच मांडवाचा होतो. पुढचा सगळा घोटाळा या काटकसरीतून झाला, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आदिनाथचा अर्ज तेव्हा संचालक मंडळापुढे यायचा होता. पण तो मंजूर होणार हे सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं. चेअरमन रविराजदादांनी स्वतः सांगून शुभांगीला अकोल्याहून बोलावून घेतलं. आदिनाथला फेटा बांधला, शाल घातली, हातात नारळ दिला. दादांच्या घरच्या मंडळींनी शुभांगीची खणानारळानं ओटी भरली. मग दादांनी माईक हातात घेतला.

"आदिनाथरावांनी आपल्या काट्यावर आयुष्य घातलं," दादा म्हणाले. "कुण्या शेतकऱ्याची कधी तक्रार न्हाई. आता त्यांनी वहिनींकडं जावं आन दोन घास गरम खावं. आमी त्यांना आज मोकळं केलं!"

टाळ्या पडल्या. शुभांगीनं पदरानं डोळे टिपले. आदिनाथचेही भरून आले होते, पण फेटा सैल बांधल्यामुळे तो दोन्ही हातांनी फेटाच सावरत राहिला.

चार दिवसांनी भाड्याची खोली रिकामी करून तो सामानासकट वाडीवर पोचला. शुभांगीनं त्याला दारातच थांबवलं, दादांनी दिलेला नारळ उंबऱ्यावर फोडला आणि मगच आत घेतलं. एवढी वर्षं तो या घरात पाहुण्यासारखा येत होता. आता राहायला आला, तर त्याला चमचे कुठे असतात ते ठाऊक नव्हतं. तिला पहाटे पंखा बंद लागायचा, त्याला चालू. तो चहा उकळून काळा करायचा, ती नुसता एक कढ आणायची. पहिल्या आठवड्यात चहावरून दोन भांडणं झाली आणि दोघांनाही त्या भांडणांचा मनातून आनंद झाला. भांडण अर्धवट टाकून गाडी पकडायची घाई नव्हती ना! संध्याकाळी ती शाळेतून यायच्या आत तो भात टाकून ठेवायचा. भात चिकट व्हायचा. ती काही न बोलता खायची. आदिनाथ तेव्हा फार सुखात होता, हे स्पष्टच सांगायला पाहिजे, कारण पुढे कोर्टात त्याचा कुठेच उल्लेख झाला नाही.

मेच्या मध्याला कारखान्याचं पत्र आलं. आपला अर्ज कारखान्याच्या हितास्तव नामंजूर करण्यात येत आहे, त्वरित कामावर हजर व्हावे.

आदिनाथ तसाच श्रीगोंद्याला आला आणि दादांच्या बंगल्यावर गेला. दादांनी त्याला आत बसवलं, चहा मागवला. माणूस तसा मनानं वाईट नव्हता, पण राजकारणात मुरलेला होता.

"आदिनाथराव, आवंदा कारखान्याची निवडनूक लागनार हाय," दादा म्हणाले. "तुमी गेल्यापास्नं समोरच्या पार्टीनं उठवलंय, काट्यावरचा इमानदार मानूस का गेला? काट्यात कायतरी हाय, म्हनून गेला. आता गावोगाव ह्येच चाललंय."

"पन काट्यात काय न्हाई, दादा. मलाच जायचं हुतं."

"ते मला म्हाईत हाय. लोकान्ला कोन सांगनार? तुमी काट्यावर बसलेले दिसले म्हंजे आपोआप तोंडं बंद व्हत्यात."

"दादा, तुमीच मांडवात मोकळं केलं मला."

"व्हय, केलं. पन कागुद कुठं झालावता?" दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दोनेक हंगाम काढा. निवडनुकीची धूळ बसू द्या."

म्हणजे त्याचा चांगुलपणाच त्याच्या गळ्यात अडकला होता. वजनात चार किलो इकडेतिकडे करणारा असता, तर त्याला हसत हसत घरी पाठवला असता.

नगरला कोर्टाच्या मागच्या बाजूला संस्कृती शेळके या वकीलबाईंचं ऑफिस होतं. वयानं निकिताहून थोड्या मोठ्या, पण बोलण्यात सडेतोड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी वाईट बातमी दिली. योजनेत अर्ज नामंजूर करायचा अधिकार कारखान्याकडे होता, आणि त्यांनी तो मुदतीत वापरला होता.

"सरळ राजीनामा का देत नाही? तो कुणी अडवणार नाही. योजनेची रक्कम तेवढी बुडेल."

"रकमेचं एक येळ जाऊ द्या, मॅडम," आदिनाथ म्हणाला. "पन आज मी सगळं टाकून पळालो, तर लोक म्हनतील काटा ह्यानंच मारलाय. जल्मभर काट्यावर बसलो ते त्यासाठी?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं आणि जरा विचार केला. मग म्हणाल्या, "मग आपल्या हातात एकच गोष्ट उरते. तो नारळ. चेअरमननी जाहीरपणे निरोप दिला, म्हणजे अर्ज तेव्हाच मंजूर झाला, आणि एकदा मंजूर केलेलं नंतर फिरवता येत नाही, असं म्हणू. तोपर्यंत तुम्ही हक्क राखून कामावर हजर व्हा, म्हणजे गैरहजेरीचं बालंट नको."

आदिनाथ पुन्हा श्रीगोंद्यात आला, पुन्हा भाड्याची खोली घेतली, पुन्हा काट्यावर बसला. हंगामात बैलगाड्यांची रांग लागली की गाडीवान वाकून विचारायचे, "काय आदिनाथराव, नारळ मिळूनबी हितंच?" तो पावती फाडून हातात द्यायचा. काट्यावर बसल्या बसल्या त्याला वाडीवरची ती चहावरची भांडणं आठवायची आणि जीव तुटायचा. शुभांगीचा रोज रात्री फोन यायचा. 'पुढची तारीख कधी' यापलीकडे बोलायला दोघांकडे फारसं काही उरलं नव्हतं. असा एक हंगाम गेला, निवडणूक लांबणीवर पडली आणि दुसरा हंगाम सुरू झाला.

कोर्टात कारखान्याची बाजू रामहरी वकील मांडत होते. जुने, अनुभवी आणि फार गोड बोलणारे. त्यांचं म्हणणं साधं होतं. सांगता समारंभात ट्रॅक्टरवाल्यालाही नारळ दिला, मुकादमालाही दिला. ते काय निवृत्त झाले? तो हंगामाच्या सांगतेचा नारळ होता, त्यातलाच एक आदिनाथ दरेकरांना मिळाला. भाषणात माणूस चार शब्द प्रेमानं बोलतो. त्याला आदेश म्हणायचं का?

साक्षीला शुभांगीला बोलावलं. ती शाळेची रजा टाकून, इस्त्रीची साडी नेसून आली होती. वकीलबाईंनी तिला समारंभाचं सगळं विचारलं. मग न्यायाधीशांनी स्वतःच विचारलं, "बाई, तो नारळ आता कुठे आहे?"

"साहेब, नारळ दोन होते. माझ्या ओटीतल्याच्या मी वड्या केल्या. ह्यांना दिलेला उंबऱ्यावर फोडला."

"काय समजून फोडला?"

"माणूस कायमचा घरी आला, असं समजून."

न्यायाधीशांनी ते उत्तर लिहून घ्यायला सांगितलं. लिहिणाऱ्यानंही क्षणभर वर बघितलं. मग रामहरी वकील उलटतपासणीला उठले.

"बाई, नवऱ्यासोबत राहायची तुम्हाला एवढी ओढ, तर मग तुम्हीच नोकरी का नाही सोडलीत? अडवलं होतं कुणी?"

वकीलबाईंनी हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाले, उत्तर देऊ द्या.

शुभांगीनं कठड्यावरचे हात एकमेकांत गुंफले. म्हणाली, "ह्यांनी मला कधी विचारलं नाही."

"म्हणजे?"

"नोकरी सोड, असं हे मला कधीच म्हणाले नाहीत. एकदाही नाही."

रामहरी वकिलांना एवढंच पाहिजे होतं. "बघा साहेब," ते हसून म्हणाले, "इतक्या वर्षांत विचारावंसंही वाटलं नाही. अशी ही ओढ!" आणि ते जागेवर जाऊन बसले.

वकील बोलला त्याचं आदिनाथला काही नव्हतं, वकिलाचा तो धंदाच. पण शुभांगीच्या आवाजात काय होतं? तक्रार होती का? त्या दिवशी परत निघताना त्यानं विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही. ती तिच्या गाडीनं गेली, तो त्याच्या. मग आठवडेच्या आठवडे हा माणूस काट्यावर बसून तेच एक वाक्य घोळवत राहिला. आपण विचारलं नाही, हे खरं होतं. तिला शाळेतल्या पोरांमध्ये बघितलं की विचारायचा धीरच व्हायचा नाही. फळ्यापुढे उभी असलेली ती घरातल्या शुभांगीपेक्षा निराळीच दिसायची, उंच वाटायची. ते सोड म्हणायचं कसं? पण बायकोला ते असं दिसलंच नसेल. तिला दिसलं असेल, की ह्याला आपली गरजच नव्हती. आणि तसं असेल, तर केस जिंकून तरी आपण कुणाच्या घरी जाणार? फोनवर हे विचारता येण्यासारखं नव्हतं. त्याला निदान ते जमलं नाही.

पुढच्या तारखेला चेअरमनची साक्ष होती. रविराजदादा पांढऱ्या कपड्यांत, मागे वीसेक कार्यकर्ते घेऊन आले. सगळे बाकांवर दाटीवाटीनं बसले. रामहरी वकिलांनी दादांना आधीच पढवून ठेवलं होतं, सांगतेचा नारळ म्हणा, एवढंच.

वकीलबाई उठल्या. "दादा, 'आम्ही त्यांना आज मोकळं केलं' असं तुम्ही स्टेजवरून म्हणालात?"

"म्हनालो."

"मनापासून म्हणालात की टाळ्यांसाठी?"

दादांनी मागे वळून कार्यकर्त्यांकडे बघितलं. मागच्या बाकांवरची चुळबुळ थांबली. टाळ्यांसाठी म्हणावं, तर दादा स्टेजवरून बोलतात ते खरं नसतं, असं खुद्द दादांनीच कोर्टात सांगितल्यासारखं होणार. संध्याकाळच्या आत ते तालुकाभर झालं असतं. आणि निवडणूक आता खरोखर तोंडावर होती. काट्याची कुजबुज निस्तरता आली असती. शब्द खोटा पडला, की या भागात पुढाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही.

"रविराजदादाचा शब्द हाय तो," दादा मोठ्यानं म्हणाले. "निरोपाचाच नारळ हुता. मीच दिला. लिवून घ्या."

रामहरी वकिलांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसत बसले. हिशेब सगळा राजकारणाचा होता, याबद्दल शंका नको. पण साक्ष झाल्यावर दादा मुद्दाम आदिनाथजवळ थांबले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनींनी त्यो उंबऱ्यावर फोडला म्हनं. मंग मी काय बोलनार?" तेवढं मात्र हिशेबातलं नसावं.

निकाल उन्हाळ्याच्या तोंडावर लागला. अर्ज समारंभाच्या दिवशीच मंजूर झाला होता आणि नंतरचा नकार गैरलागू आहे, असं न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. वाचायला फार वेळ लागला नाही. वकीलबाईंनी आदिनाथशी हात मिळवला, शुभांगीला मिठी मारली आणि दुसऱ्या केसला पळाल्या.

दोघं बाहेर येऊन रिक्षात बसली. नगरमध्ये दर वेळी त्यांची वाट इथेच फुटायची, त्याची श्रीगोंद्याची गाडी माळीवाड्याहून, तिची अकोल्याची तारकपूरहून. रिक्षावाल्यानं कुठं म्हणून विचारलं, तेव्हा आदिनाथनं तिच्याकडे बघितलं. शुभांगीनंच तारकपूर सांगितलं.

स्टँडवर ऊन मी म्हणत होतं. गाडीला वेळ होता. पत्र्याच्या सावलीत सिमेंटच्या बाकावर दोघं बसली. आदिनाथनं रसवंतीवरून दोन ग्लास रस आणला. तो प्यायला, ग्लास परत देऊन आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला,

"एक इचारू?"

"विचारा."

"कोर्टात तू म्हनालीस, मी कधी नोकरी सोड म्हनलो न्हाई." तो थांबला. त्याला शब्द जुळवायला जड जात होते. "म्हनलो असतो, तर सोडली असतीस?"

शुभांगीनं त्याच्याकडे वर बघितलं. ऊन डोळ्यांवर येत होतं, म्हणून तिनं कपाळाशी हात धरला होता.

"सोडली असती," ती म्हणाली. "लगेच सोडली असती."

आदिनाथचा चेहरा पडला. इतकी वर्षं केवळ आपल्या मुखदुर्बळपणानं वाया गेली, असं त्याला वाटलं. तो मान खाली घालून बाकावर बसला.

"पुढचं ऐका की," शुभांगी म्हणाली. "सोडली असती, तुमच्या घरी आले असते, दोन वेळचा गरम स्वयंपाक केला असता. आणि तुम्हाला मरेपर्यंत माफ केलं नसतं. सासरचे म्हणाले, माझी आई म्हणाली, भाऊ म्हणाला, सोड म्हणून. शेजारच्या बायासुद्धा म्हणाल्या. एकटे तुम्ही म्हणाला नाहीत. दर वेळी गाडीत बसताना मला वाटायचं, आज म्हणतील. तुम्ही खिडकीतून पाण्याची बाटली द्यायचात आणि पोचल्यावर फोन कर म्हणायचात." तिनं हातातला रसाचा ग्लास बाकावर ठेवला. "त्या वकिलाला हेच सांगत होते मी. त्यानं पुरतं ऐकूनच घेतलं नाही."

स्टँडवर माणसांची ये-जा चालली होती. चारचौघांत बायकोचा हात धरायची आदिनाथची रीत नव्हती. पण त्यानं धरला, आणि अकोल्याची गाडी फलाटाला लागेपर्यंत सोडला नाही.